तिसऱ्या दिवशी बघू

शनिवारी सकाळी सात वाजता सार्जंट रॉय ड्यूगन मर्ल डॉकरच्या दाराशी उभा राहून दारावरची पाटी दुसऱ्यांदा वाचत होता.

‘चौकशी व शोध. पोलिसांची कामं घेतली जात नाहीत.’

"पाटी वाचून झाली असेल तर निघा, सार्जंट," आतून आवाज आला.

टॅलबिनमधल्या निम्म्या घरांसारखं मर्लचं घरही टेकडीच्या पोटात कोरलेलं होतं. बाहेर एवढ्यातच चाळिशी गाठलेला उकाडा, आणि आत गारेगार. टेबलाशी झ्वोंको बसला होता. ठेंगणा, पासष्टीचा, तीस वर्षं खाणींत ओपलचे मौल्यवान खडे शोधण्यात घालवलेला हा क्रोएशियन म्हातारा हल्ली मर्लची गाडी चालवायचा, आणि तिच्याकडे सॉसेज-पाव खायचा. त्याचा घास तोंडातच राहिला. पोलीस या दारात येईल असं त्याला या जन्मात तरी वाटलं नव्हतं.

"फिच हरवलाय," ड्यूगन म्हणाला. "काल सकाळी सातला गाडी घेऊन गेला, जेवायला येतो म्हणून. दुपारी चारला त्याची गाडी उत्तरेला विल्गा बोअरपाशी, त्या जुन्या कूपनलिकेपाशी, सापडली. गाडीत तो नाही."

मर्लने कप खाली ठेवला. कॉन्स्टेबल कॅलम फिच, वय सव्वीस, उंची साडेसहा फूट. गावातली पोरं त्याला जिराफ म्हणायची आणि तो हसायचा. ठाण्यातला हा एकच माणूस गावाशी हसून बोलायचा.

"शोधायला किती जण आहेत?"

"मी, दोन शिपाई आणि इव्हरचं बचाव पथक. पथकातले नऊ. गावातून..." ड्यूगन थांबला. "गावातून एकही नाही. मी पबच्या व्हरांड्यात जाऊन विचारलं. वीस माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, ‘तिसऱ्या दिवशी बघू.’ आणि सगळे हसले."

झ्वोंकोने मान खाली घातली. हे तीन शब्द टॅलबिनमध्ये लहान पोरालाही ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी मर्लचा खाणकामगार भाऊ आल्बी लाकडं आणायला उत्तरेला गेला आणि परतला नाही. तेव्हा मर्ल याच ठाण्यात नोकरीला होती. ‘पिऊन पडला असेल कुठेतरी, उतरली की येईल,’ असं म्हणत ड्यूगनने शोध सुरू केला तिसऱ्या दिवशी. आल्बी कुंपणाच्या तारेपाशी सापडला. हातात रिकामी बाटली होती, पाण्याची. मर्लने त्याच दिवशी बिल्ला टेबलावर ठेवला.

"आणि केल्विनला मी आज ताब्यात घेणार आहे," ड्यूगन म्हणाला. "तुझा भाचा. बुधवारी त्याने भर रस्त्यात फिचला ढकललं. दहा जणांनी पाहिलंय."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"कारण त्याला आत टाकलं तर गाव ठाणं पेटवील. नाही टाकलं तर शहरातून येणारे साहेब मला विचारतील. आणि..." त्याने टोपी काढली. "आणि बाहेर आज पारा शेहेचाळीसवर जाणार आहे, मर्ल. तो पोरगा अजून जिवंत असू शकतो."

मर्ल उठली. "झ्वोंको, गाडी काढ."

"पण पाटी..."

"पाटी त्या पोरासाठी लिहिली नव्हती. चल!"

*

विल्गा बोअर गावापासून चाळीस किलोमीटर. सगळा रस्ता तांबडा. आरशात बघावं तर मागे नुसता तांबडा पडदा.

पोलिसांची गाडी जुन्या टाकीच्या सावलीत उभी होती. मागचा भाग उघडा हौदा, पुढे सीटच्या दोन रांगा, टपावर दिवा. मर्ल आधी गाडीला हात न लावता भोवती फिरली. मग गुडघ्यांवर बसून तिने चाकाच्या वरच्या पत्र्यावर नख फिरवलं. वरून तांबडी धूळ निघाली. खाली पिठासारखा पांढरा थर.

"झ्वोंको, आत बस आणि वायरलेस चालतो का बघ."

झ्वोंको आत चढला, किल्ली फिरवली, क्लच दाबला. यंत्र खरखरलं. "चालतोय. झकास."

मागच्या सीटवर वीस लिटरचा पाण्याचा डबा, काठोकाठ भरलेला. बाजूला फिचची टोपी. हौद्यात तेलाचा एक डाग, ताजा, रुपयाएवढा, आणि त्याच्या पुढे रबराचा काळा ओरखडा.

"जमिनीवर पाऊलखुणा?"

"काल चाळीस माणसांचे पाय... म्हणजे आमच्याच नऊ जणांचे, पण चाळिसांसारखे," ड्यूगन ओशाळून म्हणाला. "सगळं तुडवून झालं होतं. विमान वर फिरतंय. अजून काही नाही."

मर्ल त्याच्याकडे वळली. "फिच हल्ली कसल्या मागे होता?"

ड्यूगनने घाम पुसला. "माहीत नाही. परवापासून दोन वर्षांपूर्वीची ठाण्याची डायरी जागेवर नाही. त्यानेच घेतली असेल."

"दोन वर्षांपूर्वीची."

"हो. मर्ल, एक सांगू? तेव्हा मी हवेत बोललो नव्हतो. आल्बीला शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये पिताना पाहिलं, असं मला सांगितलं गेलं होतं. जबाबदार माणसाने. म्हणून मी..."

मर्ल एक पाऊल पुढे आली. हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"सार्जंट!" पाण्याच्या टँकरवरून उडी मारून एक माणूस धावत आला. बुटका, रुंद, चेहरा उन्हाने सोललेला. इव्हर स्ट्रँड. गावाला पाणी हाच पुरवायचा आणि बचाव पथकाचा म्होरक्याही हाच. कुणाचं लग्न असो की मयत, इव्हर सगळ्यात आधी हजर. "पूर्वेची बाजू संपली. आता ओढ्याच्या बाजूने जातो. मर्ल, तू आलीस? बरं केलंस. असल्या वेळी जुनं मनात ठेवू नये."

ड्यूगनने नजर वळवली.

"गाडी तुलाच दिसली ना?" मर्लने विचारलं.

"हो. काल सकाळी पबला पाणी टाकलं, शाळेला टाकलं, जेवलो, आणि मळेवाल्यांकडे टँकर घेऊन निघालो होतो. चारच्या सुमाराला रस्त्यावरून गाडी दिसली. पोरगा पायी निघाला असणार. शहरातली पोरं! सांगून ऐकतात का?"

"नाही ऐकत," मर्ल म्हणाली. "झ्वोंको, गावात चल."

"आत्ता? शोध तर इकडे आहे!"

"चल म्हणते ना!"

*

केल्विन डॉकर आपल्या घरासमोर उभा होता. बापासारखाच ताडमाड, फुटबॉल खेळणारा. त्याच्यामागे आठदहा जण, हातात काही ना काही.

"आत्या, ते मला न्यायला येणार म्हणे. येऊ देत."

"आधी मला उत्तर दे. बुधवारी फिचला ढकललंस का?"

"ढकललं. बाबांचं नाव काढलं त्याने, रस्त्यात, सगळ्यांसमोर."

"काय विचारलं?"

"बाबा कुठल्या दिवशी गेले. जाण्याआधी ते कशाबद्दल खूश होते का. आणि ते जिथे काम करायचे तिथे आमच्यापैकी कुणी नंतर गेलं का."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मेलेल्या माणसाच्या जागी आमच्यातलं कुणी पाऊल टाकत नाही. तुला काय करायचंय? आणि मग ढकललं." केल्विनचा आवाज उतरला. "तो पडला, उठला, आणि मला सॉरी म्हणाला. कुठला पोलीस सॉरी म्हणतो गं, आत्या?"

मर्लने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हातातलं खाली ठेवा सगळ्यांनी. आणि इथेच थांबा. मला तुमची गरज लागणार आहे."

पब तिथून शंभर पावलांवर. वाटेत इव्हरचं आवार लागलं. छपराखाली त्याची छोटी मोटरसायकल उभी होती, पाइपलाइन तपासायला फिरवायचा ती. झ्वोंको थबकला.

"बघ बघ! कशी चकाकतेय! माझ्या बायकोने भांडी कधी इतकी घासली नाहीत."

मर्लने बघितलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

पबमध्ये लॉरेन बार पुसत होती. हाडकुळी, तोंडाळ, मनाने बरी. तिने दोघांपुढे कागदी पेल्यांत जिंजर बिअर ठेवली, दारूचा थेंबही नसलेलं आल्याचं पेय.

"काचेचे ग्लास मोडले काय?" झ्वोंकोने विचारलं.

"धुवायला पाणी कुठाय, बाबा? गुरुवारपासून टाकी खडखडीत. मी गिऱ्हाइकांना सांगते, पेला चाटून परत द्या."

"फिच इथे आला होता का?" मर्लने विचारलं.

लॉरेनचा फडका थांबला. "गुरुवारी. मला वाटलं लायसन्स बघायला आला. तर विचारतो काय, दोन वर्षांपूर्वी, त्या शुक्रवारी, आल्बी इथे प्यायला होता का? मी म्हटलं, पोरा, आल्बी जन्मभर माझ्याकडे हीच जिंजर बिअर प्यायला. आणि त्या शुक्रवारी तर पबच बंद होता. आईच्या मातीला मी शहरात गेले होते. चार दिवस कुलूप."

"हे तू तेव्हा पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?" लॉरेन उसळली. "दोन वर्षांत विचारणारा हा पहिलाच पोलीस. वहीत लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि म्हणाला, ‘आता त्या माणसालाच विचारतो.’"

मर्लने पेला तसाच ठेवला. तिचे डोळे लकाकत होते.

"झ्वोंको, कुठे पाणी मुरतंय ते कळलं."

"पाणी? पाणी तर नाहीच आहे, ती म्हणते!"

"म्हणूनच कळलं!"

ती गाडीकडे धावत सुटली आणि तिने वायरलेस उचलला.

"सार्जंट, मर्ल बोलतेय. सगळा शोध थांबवा. दोर, स्ट्रेचर आणि पथक घेऊन पेट्रोल पंपापाशी या. इव्हरलाही आणा, टँकरसकट."

"वेडी आहेस का? विमान इकडे फिरतंय..."

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. लगेच चला, एवढीच. आज पुन्हा तीच मागते. का ते विचारू नका."

यंत्रात नुसती खरखर. झ्वोंकोने गाडी सुरू केली.

"निघालो," ड्यूगन म्हणाला.

*

साडेअकराला पंपावरून गाड्यांची रांग दक्षिणेला वळली. पुढे मर्ल, मागे पोलीस, पथक, टँकर. आणि त्यांच्याही मागे केल्विन, लॉरेन, व्हरांड्यातली ती वीस माणसं, मिळेल त्या गाडीत कोंबलेली. कुठे चाललोय कुणालाच कळत नव्हतं, पण मागे राहायला कुणी तयार नव्हतं.

तांबडी जमीन संपली आणि पांढरं रान लागलं. खाणींतून उपसलेल्या मातीचे पिठूळ ढीग, मैलोगणती, आणि प्रत्येक ढिगाशेजारी जमिनीत एक काळं भोक. मर्लने एका जुन्या ढिगापाशी गाडी थांबवली. केल्विनचा चेहरा उतरला.

"आत्या, ही तर बाबांची..."

भोकावर लोखंडी पत्रा, पत्र्यावर दगड. मर्लने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने ठेवलेले. ती वाकली. उन्हाने काळवंडलेली दगडांची पाठ खाली होती. फिकट पोट वर.

"उचलले होते," ती ओरडली. "केल्विन, झ्वोंको, पत्रा काढा! शिडी आणा!"

पत्रा बाजूला पडला. खाली पंधरा मीटर अंधार. शिडी नव्हती.

"फिच!" ड्यूगनने हाक मारली. खालून काहीच आलं नाही.

पथकाने दोराची शिडी सोडली. केल्विन क्षणभर कडेला थांबला. मग त्याने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि बापाच्या खाणीत उतरला. त्याच्यामागे झ्वोंको.

"हे काय चाललंय?" इव्हर पुढे आला. "गाडी चाळीस किलोमीटर उत्तरेला आहे! इथे वेळ घालवून पोराचा जीव घेणार आहात का?"

"गाडी उत्तरेला आहे. फिच उत्तरेला कधी गेलाच नाही." मर्ल शिडीच्या दोरावर हात ठेवून बोलत होती, डोळे भोकाकडे. "गाडीच्या चाकांवरच्या पत्र्यावर आधी पांढरी धूळ बसलीय, मग तांबडी. गाडी आधी इथे उभी होती. नंतर कुणीतरी ती विल्गाला नेली."

"फिचनेच नेली असेल."

"साडेसहा फुटांचा फिच सीट पार मागे ढकलून बसतो. सकाळी त्याच सीटवर झ्वोंको बसला आणि त्याचा पाय क्लचवर सहज पोचला. झ्वोंकोने सीटला हातही लावला नव्हता. शेवटचा चालवणारा बुटका होता. म्हणजे केल्विन नव्हे, सार्जंट. केल्विनचे गुडघे हनुवटीला लागले असते."

गर्दीत कुजबुज उठली.

"आणि वीस लिटर पाणी आणि टोपी गाडीत ठेवून शेहेचाळीस डिग्रीत पायी निघायला फिच वेडा नव्हता. टोपी माणूस कुठे काढून ठेवतो? जमिनीखाली उतरताना."

"मग गाडी तिथे सोडणारा परत कसा आला?" ड्यूगनने विचारलं.

"मोटरसायकलने. हौद्यात चढवून नेली होती. तेलाचा डाग आणि टायरचा ओरखडा तिथेच आहे. आता सांगा, पबला ग्लास धुवायला पाणी नाही, अशा गावात मोटरसायकल कुणी चकचकीत धुतलीय?"

एकेक मान टँकरकडे वळली.

"भ्यालेला माणूस नको तितकी साफसफाई करतो," मर्ल म्हणाली. "इव्हर, तू म्हणालास काल सकाळी पबला पाणी टाकलं. लॉरेन?"

"थेंब नाही!" लॉरेन ओरडली. "गुरुवारपासून!"

"मग काल सकाळी होतास कुठे?"

इव्हर हसायचा प्रयत्न करत होता. "अरे, मी तर गाडी शोधून दिली तुम्हाला!"

"दिलीस. कारण लवकर सापडली नसती तर आम्ही सगळीकडे शोधलं असतं. इथेही. तुला शोध उत्तरेला हवा होता."

"पण का?" कुणीतरी विचारलं. "त्या पोराने याचं काय वाकडं केलं होतं?"

मर्ल पहिल्यांदाच भोकापासून नजर काढून ड्यूगनकडे वळली.

"आल्बीला शुक्रवारी पबमध्ये पिताना पाहिलं, असं तुम्हाला सांगणारा जबाबदार माणूस. नाव सांगा, सार्जंट. सगळ्यांसमोर."

ड्यूगन पुढे आला. "इव्हर," तो म्हणाला. "इव्हर स्ट्रँड."

"त्या शुक्रवारी पबला कुलूप होतं. फिचने जुनी डायरी वाचली, लॉरेनला विचारलं, आणि खोटं पकडलं. मग त्याने विचार केला, आल्बीला शोधायला उशीर झाला तर कुणाचा फायदा?" तिने शेजारच्या ढिगाकडे बोट केलं. "ती खाण इव्हरची. आल्बी बेपत्ता असताना मधली भिंत फोडून त्याला लागलेलं ओपल कोण काढत होतं, ते बघायला फिच खाली उतरला. आमच्यातलं कुणी इथे पाय ठेवणार नाही, हे इव्हरला पक्कं ठाऊक होतं."

"आत्या!" खालून केल्विनचा आवाज आला, खोल, घुमणारा. "आत्या, इथे भिंतीला भगदाड आहे! पलीकडच्या खाणीत निघतंय! आणि..."

आवाज थांबला. ड्यूगन गुडघ्यांवर बसला होता. मर्ल दोर धरून भोकावर वाकली होती.

"जिवंत आहे!" झ्वोंको किंचाळला. "जिराफ जिवंत आहे! पाय मोडलाय, बोलवत नाहीये, पण माझा हात दाबतोय! पाणी सोडा!"

गर्दीतून जी आरोळी उठली ती गावापर्यंत गेली असेल. जमिनीखालच्या गारव्याने त्याला राखलं होतं. व्हरांड्यातली माणसं, जी सकाळी हसली होती, तीच दोराला लागली. एक शिपाई आणि केल्विनचे मित्र खांद्याला खांदा लावून ओढत होते. कुणी कुणाला शिव्या देत होतं, कुणी मोजत होतं.

इव्हर टँकरच्या चाकाला टेकून खाली बसला.

"मी त्याला ढकललं नाही," तो म्हणाला. "शिडीवर होता तो. मी नुसती शिडी ओढली. मग दोन्ही खाणींतल्या शिड्या काढल्या. आल्बीलाही मी मारलं नाही. त्याची गाडी बंद पडली, त्यात माझा काय दोष? मला फक्त दोन दिवस हवे होते." त्याने ड्यूगनकडे मान उचलली. "मी एकच वाक्य बोललो होतो, रॉय. तू लगेच विश्वास ठेवलास. पबपर्यंत चालत जाऊन विचारलंही नाहीस."

ड्यूगनने त्याच्या हातात बेड्या घातल्या.

*

संध्याकाळी पाचला फिचला घेऊन विमान उडालं. जाण्याआधी त्याने केल्विनला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. काय, ते केल्विनने कुणाला सांगितलं नाही. पण तो ठाण्याच्या फाटकापाशी बराच वेळ उभा होता.

आत ड्यूगन आणि मर्ल समोरासमोर बसले होते. झ्वोंको दारात. भगदाडाजवळच्या दगडाखाली फिचने दडवलेली जुनी डायरी टेबलावर उघडी होती, पांढऱ्या मातीने माखलेली.

"आल्बीचं प्रकरण मी पुन्हा उघडतोय," ड्यूगन म्हणाला. "खोटी खबर, चोरी, सगळं. शहरातले साहेब सोमवारी येतील. त्याआधी जबाब घ्यायला हवेत. तुम्ही..." दोन वर्षांत, किंबहुना त्याआधीच्या आठ वर्षांतही, त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. "तुम्ही मदत कराल? सुरुवात कुणापासून करायची? इव्हर? लॉरेन?"

मर्लने टेबलावरचे कोरे कागद आपल्याकडे ओढले आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुमच्यापासून," ती म्हणाली. "नीट बसा, सार्जंट. शुक्रवार. मी तुमच्याकडे आले तेव्हा किती वाजले होते?"

ड्यूगन खिडकीबाहेर बघत राहिला. फाटकापाशी आता केल्विन एकटा नव्हता. अर्धं गाव येऊन उभं होतं, गुपचूप, काही न फेकता.

"सव्वाआठ," तो म्हणाला. "तुम्ही रडत होतात. आणि मी टीव्ही बंद केला नाही."

मर्लने लिहायला सुरुवात केली.